पावसाळ्याच्या दळणाचे रुपये

माझ्या आजोबांची, आबांची गिरण मला आधी आवाजानं आठवते. डिझेलचं इंजिन, त्याच्या धुराड्यावर उलटा बसवलेला पत्र्याचा डबा आणि त्यातून निघून कोळवणच्या खोऱ्यात पलीकडच्या डोंगरापर्यंत जाणारं पुक् पुक् पुक्. तो आवाज सुरू झाला की वाडीवाडीतून बायका डोक्यावर पाट्या घेऊन बांधाबांधानं निघायच्या. तांदूळ, नाचणी, क्वचित कुणाची ज्वारी. पीठ गरम असताना पाटीत हात घालायला मला फार आवडायचं आणि त्यावरून मी आबांच्या शिव्याही खूप खाल्ल्या. आबांच्या भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या बारा महिने पांढऱ्या. ते वारले तेव्हा अंघोळ घातल्यावर भुवया काळ्या निघाल्या, आणि ते बघून माझी आई जेवढी रडली तेवढी त्याआधी रडली नव्हती.

आबांचा एक पत्र्याचा डबा होता, वनस्पती तुपाचा, झाकणाला तार बांधलेला. त्यात नाणी. आबांना नाण्यांचा नाद होता असं कुणी म्हटलं तर आमच्याकडे हसतील. बायका दळणाला जे आणून द्यायच्या आणि जे दुकानात चालत नव्हतं ते त्या डब्यात जायचं. भोकाचे पैसे, ढब्बू पैसे, घोड्याचे पैसे, कडा दुमडल्यासारखे दिसणारे आणे. चलनातून गेलेले पैसे घेऊन एखादी बाई आली तरी आबा पाटी परत पाठवायचे नाहीत. आणि त्याच डब्यात तळाला, फडक्यात बांधलेले चांदीचे रुपये, राणीछाप आणि राजाछाप. ते वेगळ्या वाटेनं आलेले. जून-जुलैत घरात धान्य असायचं, हातात पैसा नसायचा. मग बाई मायलेकींच्या ठेवणीतला एखादा रुपया आणून आबांपुढे ठेवायची, आणि आबा तिचं पावसाळाभर दळण दळून द्यायचे. दिवाळीपर्यंत तिनं गिरणीवर यायचं, पाटी ठेवायची, काही बोलायचं नाही. त्याला आमच्याकडे पावसाळ्याचं दळण म्हणत.

पुढे वीज आली, पिरंगुटला तयार पीठ पिशवीत मिळायला लागलं, इंजिन भंगारात गेलं. आबाही गेले. डबा माझ्या वडिलांकडे आला. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी तो माळ्यावर ठेवला आणि सगळे विसरलो.

मी बी.ए. झाले त्या पावसाळ्याची ही गोष्ट. आमच्या भावकीत कॉलेज पुरं केलेली मी पहिली, पोरांतही आणि पोरींतही, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. बी.एड.ला माझा नंबर लागला होता. फी महिनाअखेरीपर्यंत भरायची, नाहीतर जागा खालच्या नंबराला जाणार. दादा पुण्याच्या एका डॉक्टरांच्या फार्महाऊसवर बाग बघायचे आणि आपली दोन खाचरं करायचे. जमीन विकायचा विषय ते घरात काढू देत नसत. आई म्हणाली, "यंदा ऱ्हाऊ दे, पुढच्या साली बघू." पुढच्या सालाचं आमच्याकडे पोरीच्या बाबतीत काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. माझ्या बरोबरीच्या सगळ्या जणी कुठल्या ना कुठल्या पुढच्या सालात सासरी गेल्या होत्या. मी जेवेनाशी झाले. हट्ट म्हणून नव्हे, घास खरंच उतरत नव्हता. आईनं हुलग्याचं माडगं केलं, खेकड्याचा रस्सा केला, मी नुसती ताटात बोटं फिरवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दादा शिडी लावून माळ्यावर चढले आणि डबा खाली घेऊन आले.

आता इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याच आठवड्यात दादांनी संडासाचा खड्डा काढायला घेतला होता. ग्रामपंचायतीनं सगळ्यांनाच बांधायला सांगितले होते. जागा घरामागची, जिथे पूर्वी गिरणीची शेड होती. जमिनीला कुदळ लावायच्या आधी आमच्याकडे नारळ फोडतात, चार कोपऱ्यांना लिंबू कापून टाकतात, हळद-कुंकू वाहतात, मग खाली विहीर व्हायची असो नाहीतर संडास. दादांनी ते सगळं रीतसर केलं. पाऊस उघडला की खणायचं, सर आली की खड्ड्यावर ताडपत्री ओढायची, असं चाललं होतं. आणि या खड्ड्यापासून चार हातांवर, मागच्या ओट्यावर बसून, माझ्या आईनं ती नाणी घासायला घेतली.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. विकायला न्यायची वस्तू घाण कशी न्यायची, एवढाच तिचा विचार. दिवाळीला लक्ष्मीपूजनाचा रुपया जसा आपण चिंचेनं आणि राखेनं लख्ख करतो तशी तिनं सगळीच्या सगळी घासली. पीठ आणि तेलाचं वर्षानुवर्षांचं किटण बसलेलं, त्याचं तांबूस काळं पाणी ओट्यावरून ओघळून थेट खड्ड्याच्या मातीत मिसळलं. मग तिनं नाणी सुपात पसरून उन्हाच्या तिरिपेला ठेवली. शेजारच्या हौसाकाकू विरजण मागायला मागच्या दारानं आल्या. त्यांनी काय बघितलं? ताडपत्री झाकलेला खड्डा, लिंबू, कुंकू, चिखलाचं पाणी आणि सुपात चमकणारी चांदी. त्या विरजण न घेताच परत गेल्या. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं, कारण हौसाकाकू मागितलेली वस्तू सोडून जाणाऱ्यातल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी नाणी घेऊन पुण्याला गेलो. पिशवी माझ्या मांडीवर, वर छत्री आडवी ठेवलेली. बसमध्ये जो माझ्या मांडीकडे बघेल तो मला चोर वाटत होता. पेठेतल्या एका बोळात जुन्या नाण्यांचं दुकान होतं, तिथे चष्मा कपाळावर चढवलेले एक शेठजी बसले होते. त्यांनी एक रुपया उचलला, उजेडात फिरवला आणि खाली ठेवला.

"घासलीत?"

दादा अभिमानानं म्हणाले, "व्हय. मंडळींनी कालच घासली."

"अहो, नाणं घासलं की त्याचा भाव गेला. याच्या अंगावरचा काळेपणा म्हणजे त्याचं वय. आता चांदीच्या वजनानं जाईल ते." मग त्यांनी आमच्याकडे नीट बघितलं. "की घासावंच लागलं? मातीतून काढलीयत का?"

"न्हाई न्हाई. वडलांची हायेत."

"सगळे असंच म्हणतात. जमिनीत सापडलेलं सरकारचं असतं, माहिती आहे ना? उद्या माझ्या दुकानात पोलीस नकोत. गावच्या पोलीस पाटलांचं पत्र आणा, वडिलोपार्जित आहेत म्हणून. मग घेतो."

मला हायसं वाटलं. एका पत्राचा तर प्रश्न, पोलीस पाटील आमच्या गावातलेच, विठ्ठलतात्या. त्यांनी माझ्या बी.ए.च्या पेढ्यातले दोन पेढे उचलले होते. येताना बसमध्ये मी दादांना म्हटलं, "उद्यापर्यंत काम होतंय." आजकाल मला फोनवर कुणी ना कुणी व्हिडिओ पाठवतं, जुनी नाणी विका आणि लखपती व्हा म्हणून. मी तो न बघता पुसून टाकते.

विठ्ठलतात्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. दादांनी पिशवी पुढे ठेवली आणि पत्राचं सांगितलं. तात्यांनी सुपारी बाजूला केली.

"आता आलाय व्हय? गावात चार जागी ऐकून झालं माजं. खड्ड्यात हंडा घावला म्हनं तुला."

"तात्या, संडासाचा खड्डा हाय त्यो!"

"संडासाला लिंबू कशाला?"

"तुमच्या हिरीला तुमी न्हवतं कापलं?" मी मधेच म्हणाले.

"सुमे, तू गप. तुजं कालेज तुज्यापाशी ठेव." तात्या उठून पिशवीशी आले. "हे बग भाऊ, तू खोटं बोलतुयास असं मी म्हनत न्हाई. पन मी पत्र दिलं आन् उद्या पौडवरनं सायेब आलं, तर माजी टोपी जाईल. चौकशी हुईपत्तर माल माज्याकडं ऱ्हाईल. पंचमी झाली की बसू समदे."

नागपंचमी महिनाअखेरीच्या पलीकडे होती. मी पावती मागितली. तात्या म्हणाले, "माज्यावर इस्वास न्हाई व्हय?" मी म्हणाले, "तुमचा आमच्यावर हाय का?" दादांनी माझा हात धरून मला बाहेर आणलं. पिशवी तात्यांच्या कपाटात राहिली.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत, तुकड्यांनी आठवतात. पाऊस पडत होता आणि आमच्या परड्यात माणसं येत होती. कुणी शेळी शोधायला, कुणी वाट चुकून. प्रत्येकजण खड्ड्यात वाकून बघायचा. "किती खोल गेलास रं?" "अजून खाली हाय म्हनत्यात." खालच्या आळीचा एक पोरगा तर जीप घेऊन कुणा देवऋष्यालाच घेऊन आला, त्या माणसानं खड्ड्याभोवती फेरी मारून मान हलवली आणि चहा पिऊन गेला. खड्ड्यात पाणी साचलं, दादांनी खणणं सोडून दिलं. फार्महाऊसवाल्या डॉक्टरांनी दादांना हसत विचारलं, "काय, आता काम सोडणार वाटतं?" ते हसले ते ठीक, पण दादा त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. आई स्वतःला बोल लावत होती. चिंचेची बरणी तिनं फडताळातून काढून बाहेर ठेवली, जशी काही तीच बोलली होती लोकांना. आणि मी कॅलेंडरासमोरून जाताना मान दुसरीकडे करायची. मला दादांची काळजी वाटत होती, खोटं कशाला बोलू, पण त्याहून जास्त माझ्या जागेची वाटत होती. खालच्या नंबराची मुलगी कोण असेल, ती आत्ता काय करत असेल, याचा मी विचार करायची.

भाकरी थापताना आई एकदा बोलून गेली, "आबा असतं तर एकेक नानं कुनाचं ते सांगितलं असतं." माझ्या डोक्यात तिथे उजेड पडला. आबा नव्हते, पण ज्यांनी नाणी दिली त्या होत्या की. मी तशीच इरलं घेऊन निघाले. लावणीचे दिवस, बायका खाचरात वाकलेल्या. मी बांधावरून विचारत गेले, "आत्या, आबांना पावसाळ्याच्या दळणाला रुपया दिल्याला का कधी?" कुणी म्हणाल्या, आमच्या सासूनं दिला असेल. कुणी घाबरल्या, "आमाला नगं बाई पोलिसाचं." एकीनं तर विचारलं, "परत देनार हायेत का?" हे मी धरलंच नव्हतं. नाणी त्यांची होती असं त्यांनी सांगितलं तरच ती आमची ठरणार होती. आणि त्यांची होती असं त्या म्हणाल्या, तर आमची राहतील कशावरून? तरी मी घरं सोडली नाहीत. शेवटचं घर ठकूबाईंचं. सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, जिभेनं ताठ. त्या म्हणाल्या, "चल की. मी कुनाच्या बापाला भितीया?"

मारुतीच्या देवळात बैठक बसली. ठकूबाईंनी तात्यांच्या दारात जाऊन आरडाओरड केली म्हणून पंचमीच्या आधी बसली. पुरुष आत, बायका पायऱ्यांवर, पिशवी तात्यांच्या मांडीखाली. मी उभी राहिले. मी म्हणाले, "तात्या, नाणी आधी दाखवू नका. ज्यांनी दिली त्यांनी न बघता खूण सांगायची. मग तुम्ही पिशवीत शोधा."

"वकिलीन झालीस व्हय बी.ए. करून?" हौसाकाकूंचे मालक नामाकाका मागून बोलले. लोक हसले. पण तात्यांना ते पटलं असावं. त्यांनी पिशवीचं तोंड आवळून धरलं आणि म्हणाले, "बोला."

ठकूबाई पहिल्या उठल्या. "माजा रानीछाप. तिच्या डोस्क्यावर काळा डाग हाय, कडी जोडल्याली त्याचा. आमच्या बाळूच्या करदुट्याला हुता त्यो. कडी तोडून दिला मी." बाळू म्हणजे पिरंगुटच्या कारखान्यात मशीनवर असलेला, पोट सुटलेला बाप्या, तो देवळाच्या खांबाला टेकून उभा होता. सगळ्यांनी त्याच्या कमरेकडे बघितलं. तो म्हणाला, "आये, गप की." तात्या पिशवीत हात घालून एकेक रुपया उजेडाला धरत राहिले. मग ते थांबले. डाग होता. आईच्या चिंचेलाही तो गेला नव्हता.

मग आणखी तिघी बोलल्या. एकीच्या राजाछापाची कड दातानं चावल्यासारखी होती. एकीनं भोकाच्या पैशात दोरा ओवून गाठ मारली होती, तो दोरा अजून होता. एकीची खूण चुकली आणि ती लाजून खाली बसली. पण तात्यांचा चेहरा सैल झाला होता. आमचा प्रश्न मिटला असं मला वाटतंय तोवर नामाकाका उभे राहिले.

"म्हंजी हंडा न्हाई, मान्य. पन चांदीचा रुपया घ्यायचा आन् बदल्यात नुसतं चार म्हैनं दळून द्यायचं? लई स्वस्तात पडलं की म्हाताऱ्याला! ज्याचा त्यानं घेऊन जावा आपापला."

तात्यांनी हातातलं डागाचं नाणं पुढे केलं आणि ठकूबाईंनी ते घेतलं. त्यांनी मूठ मिटली. मी त्या मुठीकडे बघत होते. माझी अख्खी बी.एड. त्या काळ्या, लावणीच्या पाण्यानं सुरकुतलेल्या बोटांत होती. त्यांनी ते नाणं कमरेला खोचलं असतं तर बाकीच्याही एकेक करून पुढे आल्या असत्या, आणि मी त्यांना कुठल्या तोंडानं अडवणार होते? मला आजही वाटतं की त्यांनी क्षणभर विचार केला. करणारच. रुपया त्यांच्या आईनं बाळूला दिलेला होता.

"नामा," त्या म्हणाल्या, "त्या साली नदीला पानी, पौडला जायाला वाट न्हाई, घरात खानारी पाच तोंडं. माजा हात मोडल्याला, जात्यावर बसता येईना. रुपया काय चावून खाल्ला असता आमी? म्हाताऱ्यानं दिवाळीपत्तर दळलं. एक डाव बोलला न्हाई का आज पाटी मोटी हाय. पीठ आमी खाल्लं, आता रुपया कुटल्या तोंडानं मागू?" आणि नाणं दादांच्या हातात ठेवून त्या खाली बसल्या. बसताना कमरेला हात लावून बाळूला एक शिवी दिली, तो हात द्यायला पुढे आला नाही म्हणून.

तात्यांनी तिथेच पत्र लिहिलं. त्यांना 'वडिलोपार्जित' लिहिता येईना, ते मी सांगितलं. टोपी सारखी करत ते दादांना म्हणाले, "राग धरू नगंस भाऊ." दादांनी धरला नाही. मी धरला, काही वर्षं.

शेठजींनी पत्र वाचलं, घडी करून गल्ल्यात ठेवलं आणि नाणी तराजूत घातली. न घासलेली असती तर किती पैसे आले असते तेही त्यांनी ओघात सांगून टाकलं. दुकानाबाहेर आल्यावर दादा म्हणाले, "हे तुज्या आईला सांगायचं न्हाई." आम्ही कधीच सांगितलं नाही. ठकूबाईंचा रुपयाही त्यातच गेला. मला पुष्कळजण विचारतात, एखादं तरी नाणं आठवण म्हणून ठेवायचंस. कसं ठेवणार? सगळी घातली तेव्हा फी पुरी झाली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी ती भरली आणि खिडकीतून पावती हातात आल्यावर तिथल्याच बाकावर बसून मी दादांनी आणलेली चपाती-चटणी हावरटासारखी खाल्ली.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी मी थांब्यावर बसची वाट बघत उभी होते. नवीन छत्री, नवी वही. लावणी उरकून बायका भांगलणीला निघाल्या होत्या. ठकूबाई त्यांच्यात मागे, खुरपं कमरेला. माझ्यापाशी येऊन त्या थांबल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"किती दिसाचं हाय ते?"

"एक वर्षाचं."

"मग परीक्षा?"

"हो."

"बरं. नीट कर. आमचं दळन हाय त्यात." मागून दुसऱ्या बाईनं, आपलाही राजाछाप आहे त्यात, अशी आठवण करून दिली. खूण चुकलेली तिसरी म्हणाली, माझंबी हुतं, डाग तेवढा इसरले. त्या हसत पुढे गेल्या आणि वळणापर्यंत एकेकजण मागे वळून माझ्याकडे बघत राहिली.

बस आली. मी खिडकीपाशी बसले आणि नवी वही मांडीवर घट्ट धरली. इतके दिवस मला फक्त जागा जाईल ही भीती होती. आता जागा माझी होती, आणि मला नापास व्हायची सोय उरली नव्हती.